केसरच्या पाठीवरून घाटापलीकडे

मला घोडा हाकता येतो, ही थाप मी कुणाला फसवण्यासाठी मारली नव्हती. चहा यायला उशीर होत होता, म्हणून मारली होती.

देवीचंद हा आमच्या भिवंडीतला सुताचा दलाल, मूळचा मारवाडातला. आमच्या लूमच्या कारखान्यात बसून तो गावाकडच्या घोड्यांचं वर्णन करत होता. कान कसे, चाल कशी, डोळे कसे. मी पडलो कापड तपासणारा माणूस. कोऱ्या कापडाचा तागा टेबलावर पसरायचा, त्यावरून बोटं फिरवायची, आणि जिथे धागा तुटलेला किंवा तेलाचा डाग असेल तिथे मोठ्याने ओरडायचं, की शेजारचा खडूने खूण करतो. वीस वर्षं हे केल्यावर दुसऱ्याच्या वस्तूचं कौतुक फार वेळ ऐकवत नाही. मी म्हटलं, "घोडे आम्हालाही माहीत आहेत, देवीचंदभाई. लहानपणी निजामपुऱ्यात कादरचाचांचा टांगा मीच हाकायचो."

यात टांगा खरा आणि कादरचाचाही खरे. हाकायचे मात्र तेच. मी शेजारी बसून लगामाचं शेपूट धरायचो आणि त्यांच्या गप्पा ऐकायचो.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. त्या वर्षी मारवाडात दुष्काळ होता, तोही लागोपाठचा. दिवाळीच्या आधी देवीचंद एक पत्र घेऊन आला. त्याच्या गावच्या हडमतसिंहांकडे दोन घोड्या होत्या आणि चारा एकीपुरताही उरला नव्हता. अरवलीच्या पलीकडे, मेवाडात, त्यांचा फौजेतला जुना सोबती होता. तिकडे डोंगरात थोडं गवत होतं आणि तो केसर नावाची तरुण घोडी ठेवून घ्यायला तयार होता. ट्रक मिळत नव्हते, सगळे पाणी आणि चारा वाहण्यात गुंतलेले. सहा दिवस घोड्यावरूनच जायला हवं होतं. केसरची खोड अशी, की दोरीने ओढली तर ती पाऊल उचलायची नाही. पाठीवर माणूस असेल तरच चालायची. हडमतसिंहांचा मुलगा कामाला सुरतेला, गावातली बाकीची पोरं गुरं घेऊन माळव्यात गेलेली. घोडी पोचवायला एक स्वार कमी पडत होता.

"मी लिहून टाकलं," देवीचंद म्हणाला, "भिवंडीत आपला एक जाणकार आहे."

घरी बायकोला सांगितलं. ती भात वाढत होती. डाव तसाच हातात ठेवून म्हणाली, "टांग्यात बसलास तू, घोऱ्यावर न्हाय. परलास त मना सांगू नको." आणि प्रवासात लागेल म्हणून तिने एका डब्यात भाजलेलं सुकट भरून दिलं.

लूणीच्या काठी

हडमतसिंह साठीच्या पुढचे. पांढऱ्या मिशा, कानात सोन्याच्या बाळ्या, बोलणं मोजकं. केसर तांबूस-पिवळी होती आणि तिचे कान आत वळून टोकांना एकमेकांना टेकत होते. तिच्या तोंडावर रोजची मोरी होती, म्हणजे लगाम काढला तरी राहते ती दोरीची तोंडपट्टी. आणि तिच्या गालपट्टीवर दोन्ही बाजूंना निळ्या मण्यांची जाड झुंबरं लोंबत होती. मला ती नटवी वाटली. तिला मी कसा वाटलो ते लवकरच कळलं.

चार माणसांनी मिळून मला वर चढवलं. मी कादरचाचांसारखा दोन्ही हातांत लांब लगाम धरला, कोपर वर केले आणि जिभेने टक्-टक् असा आवाज काढला. केसरने मान वळवून मला नीट बघितलं. गावकरीही बघत होते. हडमतसिंहांनी माझ्या मागच्या मोकळ्या जागेकडे बोट करून विचारलं, "टांगो लारे आवे है के?" टांगा मागून येतोय का?

सगळं गाव हसलं. मी खरं सांगून टाकलं. मला वाटलं, आता परतीचं तिकीट. पण ते माझ्याजवळ आले, लगाम आखडून माझ्या एका हातात दिला, टाच खाली दाबली आणि म्हणाले, "बस बैठे रहो, पाटीलसा. बाक़ी ये जानती है." पाटील हे माझं आडनाव, 'सा' हा तिकडचा मान.

पहिल्या दिवसाचं वाळवंट माझ्या कल्पनेतल्या वाळवंटासारखं मुळीच नव्हतं. वाळूचे डोंगर नाहीत, उंटांची रांग नाही. लूणी नदीचं पात्र म्हणजे एक रुंद पांढुरकी पट्टी, खाऱ्या मातीचे पोपडे सुटलेली. खेजडीची झाडं पाल्यासाठी इतकी छाटलेली, की नुसती खोडं उभी. वाटेत एका तळ्याच्या जागी बायका माती खणत होत्या, सरकारी दुष्काळी काम. तळ्यात पाणी नव्हतंच. पुढच्या पाण्यासाठी जागा करत होत्या. आणि दर थोड्या अंतरावर जनावराचा सांगाडा. पहिल्याला मी तोंडावर रुमाल धरला. दुपारपर्यंत रुमाल खिशातच राहायला लागला, आणि याचीच मला नंतर लाज वाटली.

संध्याकाळी एका वस्तीवर उतरलो आणि मी सुकटाचा डबा उघडला. केसरने नाकपुड्या फुगवल्या, मागच्या पायांवर उभी राहिली आणि दोरी तोडून पळाली. तासभर तिला शोधण्यात गेला. सापडली तरी मला ती जवळ येऊ देईना. हडमतसिंहांनी डबा लांबूनच हुंगला आणि फौजी आवाजात हुकूम दिला, "दफ़ना दो." मी वाळूत खड्डा खणून खाडीचं सुकट पुरलं, मग हात वाळूने घासले. समुद्र किती लांब आहे याचा हिशोब त्या सुकटाला कुणी विचारला नाही.

त्या वस्तीवरच्या बाईने बाजरीची रोटी, लसणाची लाल चटणी आणि राबडी दिली. राबडी म्हणजे ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ. ती पातळ झाल्याबद्दल तिने दोनदा माफी मागितली. आमच्याकडे पाहुण्याला काही कमी पडलं तर आम्ही पाहुण्यालाच उशिरा कळवल्याचा दोष देतो.

देसुरीच्या वाटेवर

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाबद्दल माझी मांड्यांपलीकडे काही आठवण नाही. खोगिरावर बसवत नव्हतं आणि जमिनीवर तर त्याहून नाही. मी हडमतसिंहांना अकलोलीची गरम कुंडं वर्णन करून सांगत होतो. वज्रेश्वरीजवळ, नदीकाठी, जमिनीतून कढत पाणी येतं, त्यात कमरेएवढं बसलं की सगळं दुखणं जातं. "जमीन में से?" त्यांनी विचारलं. "फुकट?" जिथे गार पाणीही येत नव्हतं, तिथे मी गरम पाण्याच्या गोष्टी सांगत होतो, हे माझ्या दोन कोसांनी लक्षात आलं.

बोलण्याची सगळी मक्तेदारी माझीच होती. कादरचाचांच्या गोष्टी, लूमवर लिंबू-मिरची बांधणारे मालक, मालकांच्या अंधश्रद्धांवरचे माझे विनोद. चौथ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा आपणहून प्रश्न केला. "तुम्हारे उधर घास होती है?"

मला तर विषयच मिळाला. अंबाडीच्या नाक्यापुढे, वाड्याच्या रस्त्याला, पावसाळा संपला की घराएवढ्या गवताच्या गंजी उभ्या राहतात, ट्रक भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जातात, म्हटलं. आणि डोंगरावर उरतं ते लोक उन्हाळ्यात जाळून टाकतात.

"जला देते हैं?"

"हो. म्हणजे… हां."

ते काजळीवरून, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या घोडीवरून, समोर बघत राहिले. त्या अंबाडीवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. गंजी आल्या की एसटीच्या खिडकीतून कुसळं येतात, एवढीच माझी गवताविषयी तक्रार होती. त्या दुपारी मी पहिल्यांदा बराच वेळ गप्प बसलो. केसरही जरा जपून चालली.

घाटात

पाचव्या दिवशी डोंगर जवळ आले. देसुरीची नाळ म्हणजे मारवाडातून मेवाडात चढणारी खिंड. सकाळी पायाखाली वाळू होती, दुपारी दगड, आणि मग एका वळणावर पळसाची पानं. हिरवी, खरी. वानरं झाडावरून आम्हाला नावं ठेवत होती. खाली कुठेतरी झऱ्याचा आवाज आला आणि केसरचे जुळलेले कान पुढे झाले. तिने चाल बदलली. तिकडे तिला रेवाल म्हणतात, घोडा धावतो पण पाठीवरचा माणूस हलत नाही. माझ्या हातात ताक भरलेली वाटी असती तरी सांडली नसती. पाच दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, आपण स्वार आहोत.

वाटलं आणि मी मागे वळून हडमतसिंहांना हात हलवला. पुढची फांदी मला दिसली नाही. मी दगडावर पाठीवर पडलो, एक पाय रिकिबीत अडकलेला. घोडी तशीच पुढे गेली असती तर हे वर्णन तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असतं. केसर जागच्या जागी थांबली. पाण्याच्या आवाजाकडे तोंड, पाच दिवसांची तहान, आणि तरी माझा पाय सुटेपर्यंत तिने खूर हलवला नाही.

हडमतसिंह येऊन उतरले. आधी तिच्या मानेवर हात फिरवला, मग मला उठवलं. "ऐसी घोड़ी," एवढंच म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही. झऱ्यावर त्यांनी तिचं तोंड स्वतः धुतलं. रोजच धुवायचे. मी पुढे झालो की म्हणायचे, "आप रहने दो." मला वाटायचं, माझ्या हाताला अजून सुकटाचा वास असेल.

रावजींच्या अंगणात

सहाव्या दिवशी दुपारी पोचलो. हडमतसिंहांच्या सोबत्याला सगळे रावजी म्हणत. जाड भिंगांचा चष्मा, गुडघे गेलेले, पण हडमतसिंहांना मिठी मारताना दोघेही वीस वर्षांचे दिसले. घरात रावजींच्या आई होत्या, माजीसा, नव्वदीला टेकलेल्या, आणि त्यांची पोटुशी नातसून. अंगणात गवताचा भारा ठेवलेला होता. केसरने तो बघितला होता.

देण्याघेण्याची एक रीत तिथे आहे, तीच आमच्या खेड्यांतही आहे: जनावर द्यायचं, पण त्याचं दावं द्यायचं नाही. ते जुन्या धन्याने घरी न्यायचं, म्हणजे गोठ्याची बरकत जात नाही. रावजी नवी मोरी घेऊन उभे राहिले. हडमतसिंहांनी केसरची जुनी मोरी हळूहळू सोडली, निळ्या मण्यांसकट, आणि पिशवीत ठेवली. केसरचं तोंड सहा दिवसांत पहिल्यांदा उघडं झालं.

रावजी माझ्याकडे वळले. नुसता पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणून. "पाटीलसा, आप जानकार हो. एक नज़र मार लो."

आणि मी काय केलं ते सांगतो. मी पुढे झालो आणि मानेपासून बोटं फिरवायला लागलो, टेबलावर तागा पसरलेला असावा तशी. मान चांगली, खांदा चांगला, पाठ चांगली. मग पुढे येऊन गाल. उजव्या डोळ्याच्या खाली बोटांना केसांचा एक छोटा भोवरा लागला. कादरचाचांनी घोड्याचे भोवरे मला तोंडपाठ करून घेतले होते. डोक्यात विचार यायच्या आधीच तोंडातून मोठ्याने निघालं, कारखान्यात निघतं तसं:

"डोळ्याखाली भोवरा. आंसूढाळ."

शेजारी खडू घेऊन कुणी नव्हतं. आंसूढाळ म्हणजे ज्याच्या धन्याच्या डोळ्यांतून आसवं गळतात असा घोडा. या एका खुणेपायी तिकडे लाखमोलाची घोडी कुणी दारात उभी करत नाही.

रावजींनी चष्मा काढला, पुसला, वाकून बघितलं. मग हडमतसिंहांकडे न बघता म्हणाले, "मेरी तरफ़ से कुछ नहीं." पण त्यांचे डोळे घराच्या दाराकडे गेले. दारात माजीसा होत्या आणि त्यांच्या मागे पोटुशी नातसून. माजीसांनी नुसती मान हलवली. नवी मोरी रावजींच्या हातातच राहिली.

हडमतसिंहांनी पिशवीतून जुनी मोरी काढली आणि पुन्हा चढवली. मणी नीट डोळ्याखाली आणले. "सुबह निकल जाएँगे," म्हणाले.

परत म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. सहा दिवस मी ते रस्त्याच्या कडेला बघत आलो होतो.

ऊन उतरल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. माफीचं भाषण तयार केलं होतं. पण आधी तेच बोलले.

"खोट तो मुझे मालूम थी. रोज़ सोचता था, पहुँचकर रावजी से कह दूँगा. मोरी खोली तब भी सोचा, अब कहता हूँ." त्यांनी हाताने वाळकी काडी मोडली. "आपने सच कहा, उसका दुख नहीं. चालीस साल का दोस्त है. मेरे मुँह से निकलना था."

मी विचारलं, तुम्ही मानता हे, भोवऱ्याचं?

"ये आई, उसी बरस घरवाली गई. फिर बेटा सूरत चला गया. गाँव कहता है, घोड़ी के कारण." ते गवत खाणाऱ्या केसरकडे बघत राहिले. एका मुक्कामापुरतं गवत रावजींनी तिच्यापुढे टाकलं होतं. "रोना तो हर घर में है, पाटीलसा. एक घोड़ी किस-किस के घर जाएगी?"

सकाळी खोगीर चढवत होतो तोवर माजीसा काठी टेकत अंगणात आल्या. त्या रात्रभर विचार करत असाव्यात. हडमतसिंहांना त्यांनी विचारलं, "दोष किणने लागे?" दोष कुणाला लागतो?

"धणी ने." धन्याला.

"तो घोड़ी अठै रेसी. धणी अठै नहीं रेसी." घोडी इथे राहील, तिचा मालक इथे राहणार नाही.

हडमतसिंहांचा चेहरा उजळला. म्हणजे नाव माझंच राहू दे, ते म्हणाले, घोडी इथे चरू दे.

"तू घणो रो लियो," माजीसा म्हणाल्या. तू पुष्कळ रडलास. आणि काठी माझ्याकडे वळवली. "जीभ इण री, घोड़ी इण री." जीभ याची, घोडीही याचीच.

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

सहा दिवस मी लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची टिंगल करत आलो होतो. भोवरा म्हणजे केस उगवण्याची दिशा, याहून जास्त काही नाही, हे मला आजही पटतं. पण "ही घोडी तुझी" म्हटल्यावर मला भात वाढणारी बायको दिसली, मुलगी दिसली, दम्याने रात्रभर उशीला टेकून बसणारी आई दिसली. मी उत्तर द्यायला वेळ लावला. किती, ते माहीत नाही. काजळीने एकदा शेपटी हलवली, पुन्हा हलवली. दुसऱ्याच्या घोडीतली खोट मी एका श्वासात सांगितली होती. तीच खोट अंगावर घ्यायची तर मला घाम फुटला. केसर माझ्याकडे बघत नव्हती. गवताकडे बघत होती.

"ठीक आहे," मी म्हटलं. आणि तिकडे कुणाला कळलं नसावं म्हणून पुन्हा, "मेरी."

फुकट घेतलेली घोडी लाभत नाही, काहीतरी द्यावं लागतं. माझ्या खिशात कापडाचे धागे मोजायची, भिंगाची घडीची काच होती, ती मी हडमतसिंहांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उघडून आपल्याच तळव्यावर धरली आणि रेषा बघत बसले. मग उठून केसरची मोरी सोडली, पिशवीत टाकली. रावजींनी नवी मोरी आणून माझ्याकडे दिली, आणि ती मी चढवली. उलटी. माजीसांनी काठीनेच दाखवलं, कुठली बाजू वर.

हडमतसिंह काजळीवर बसून घाटाकडे निघाले. जाताना रावजींना ते काहीतरी म्हणाले, दोघांच्या डोक्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून. काय ते मी विचारलं नाही. त्या प्रवासात मी न विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

मी बसने उदयपूरला आलो आणि तिथून घरी. बायकोला सांगितलं, मेवाडात आपली एक घोडी आहे. ती म्हणाली, "आनि परलास कवा?" कसं कळलं देव जाणे.

त्यानंतर माझ्या घरात रडणं झालं का? झालं. दीड वर्षाने आई गेली. मुलीची सासरी पाठवणी झाली तेव्हा मी मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिलो. दोन्ही वेळा मला केसर आठवली, आणि दोन्ही वेळा मी तिच्यावर आळ घेतला नाही. एवढं मी हडमतसिंहांकडून शिकलो. टेबलावर मी अजून तसाच ओरडतो. कापडाला गवत लागत नाही.

रावजींचं पत्र दर दिवाळीला यायचं. "आपकी घोड़ी राजी-ख़ुशी है." नातसुनेला मुलगा झाला, तो केसरच्या पायांतून रांगतो, माजीसा ओरडतात, असंही एकदा होतं. मग एका वर्षी लिहून आलं, केसरला शिंगरू झालं, मादी आहे, उन्हात नेऊन सगळं अंग तपासलं, भोवरा नाही. आणि रीतीप्रमाणे घोडीचं पिल्लू घोडीच्या धन्याचं. दूध सुटलं की घेऊन जा.

बायको म्हणाली, बांधणार कुठे, लूमखात्यात? मी हडमतसिंहांना पत्र लिहिलं, शिंगरू तुम्हीच घेऊन जा. अठ्ठ्याऐंशीपासून मारवाडात पुन्हा पाऊस होत होता, त्यांच्या कुंपणात गवत होतं. रावजींकडे तुमचं काही बोलायचं राहिलं असेल तर तेही होईल, असं मी लिहिलं आणि मग शेवटचं वाक्य खोडलं. खोडलेलं त्यांनी वाचलं असावं, काच त्यांच्याकडेच होती.

ते गेले, चार दिवस रावजींकडे राहिले आणि बछेरी, म्हणजे ते मादी शिंगरू, घेऊन त्याच नाळेने उतरून आले. त्यांचं पत्र माझ्याकडे आहे. बछेरी आईवर गेली आहे, दोरीने ओढली तर चालत नाही, काजळीच्या मागे मात्र आपणहून येते. घाटात पाणी आहे. लूणी या वर्षी वाहिली. आणि मग शेवटी:

"रास्ता वही था, पाटीलसा. छह दिन के आठ दिन लगे. कोई बोलने वाला नहीं था."